मुक्या शिपायांची स्मारके

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. माझ्या हाती लाटणे शोभते, हा बोलण्याचा दांडा शोभत नाही. पण यंदा आपल्या सेक्रेटरीबाईंनी नियमच केला, की वर्धापनदिनी प्रत्येकीने आपण पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एका स्मारकाविषयी दहा-पंधरा मिनिटे बोलावे. तेव्हा कुणी भगूरचा सावरकरांचा वाडा घेतला, कुणी हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांवर बोलायचे ठरवले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "मी कुत्र्याच्या समाधीवर बोलणार." तुम्ही सगळ्या हसलात. मला त्याचा राग नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी दुसरी कुणी असे म्हणाली असती, तर सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असते. तसे का, ते शेवटी सांगेन. ती गोष्ट सांगताना माझा आवाज बसेल, म्हणून आधी बाकीचे बोलून घेते.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नाला आम्ही साताऱ्यास गेलो होतो. लग्न आटोपल्यावर गाडीला वेळ होता, म्हणून संगम माहुलीला गेलो. साताऱ्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. आपल्याला गंगेची सवय, त्यामुळे नदी, घाट आणि देवळे पाहून घरीच आल्यासारखे वाटले. तिथे साताऱ्याच्या छत्रपती शाहूमहाराजांची समाधी आहे. हे शाहूमहाराज म्हणजे शिवाजीमहाराजांचे नातू, संभाजीराजांचे चिरंजीव. ते १७४९ साली वारले. आणि त्यांच्या समाधीजवळच एका चौथऱ्यावर दगडी कुत्रा आहे. मी बरोबरच्या बाईंना विचारले, हे काय? त्या म्हणाल्या, हा महाराजांचा खंड्या.

खंड्याची गोष्ट अशी सांगतात, की महाराज शिकारीला गेले असताना वाघ चालून आला आणि या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. महाराजांनी काय करावे? त्याला जहागीर दिली, सनद करून दिली. पालखीचा मान दिला. ग्रँट डफ नावाच्या इंग्रजाने मराठ्यांचा इतिहास लिहिला आहे. त्यातही हा प्रकार आहे, असे माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. महाराजांनी एकदा भर दरबारात त्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि आपली पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी स्वतः डोक्यावर काही घातले नाही, असे तो लिहितो. साहेबाने ते महाराजांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचे लक्षण म्हणून लिहिले आहे. असेल तसे. साहेबाला ते वेड वाटले, आपल्या लोकांना मात्र त्याची समाधी सांभाळावीशी वाटली, एवढे खरे.

तुमच्यातल्या काही जणी आता रायगडावरच्या वाघ्याचे नाव काढतील. वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार नाही, असे इतिहासाचे जाणकार सांगतात. गडावरचा तो पुतळा विसाव्या शतकातला आहे. २०१२ साली तो काही लोकांनी काढून टाकला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ साली परत वाद उठला. त्यात पडण्याइतकी माझी अक्कल नाही. खोटे असेल तर ते महाराजांच्या समाधीजवळ नको, हे मलाही पटते. म्हणून मी वाघ्याला सोडून खंड्याला धरले.

मुलीने मोबाइलवर आणखी एक शोधून काढले, ते ऐकून मी थक्क झाले. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर म्हणून गाव आहे. तिथे एक हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा, कोरीव शिलालेख सापडला. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण राज्य करीत होता, आणि आपला हा मुलूखही राष्ट्रकुटांच्याच राज्यात मोडत होता. त्या दगडावर एका शिकारी कुत्र्याची हकीकत आहे. नाव काळी. तो रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्याच्यासाठी दगड उभा केला, जमीन लावून दिली, आणि अट घातली की पुजाऱ्याने त्या दगडाची पूजा केल्यावाचून जेवू नये. जेवला तर पाप लागेल! आपल्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय सासूबाई पानाला हात लावू देत नाहीत, तसेच की हे.

आणि आपण काय करतो? दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. गुरुवारी आपण तसबिरीला हार घालतो, त्यात त्या चौघांनाही फूल मिळते. खंडोबाच्या टाकावरही घोड्याबरोबर कुत्रा असतो. धर्मराजाने कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारले, ही कथा कीर्तनात ऐकून आपण डोळे पुसतो. नामदेवांच्या तोंडची पोळी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. हे सगळे ऐकून घरी येतो आणि पायरीवर कुत्रे बसलेले दिसले की पहिला शब्द "हाड!" मी दुसऱ्या कुणाला नावे ठेवीत नाही. हा शब्द माझ्याच तोंडचा.

आता कामाच्या कुत्र्यांकडे येते. मला यातले कळते ते माझ्या धाकट्या भावामुळे. तो पोलिसांत आहे आणि बरीच वर्षे श्वानपथकात होता. कुत्र्याला सांभाळणाऱ्या आणि त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या शिपायाला तिकडे हॅण्डलर म्हणतात. आमच्या आईला वाटायचे, पोराला पोलिसात घेतले आणि कुत्री राखायला बसवले! ती चारचौघांत सांगतच नसे. पण तो घरी आला की आम्ही जेवताना विचारायचो आणि तो रंगून सांगायचा.

तो म्हणायचा, ताई, तुला आमटीचा वास येतो ना, कुत्र्याला त्यातले मीठ, हळद, हिंग वेगळे वेगळे येते. कुत्र्याला पिल्लूपणी घेतात आणि शिकवणीला पाठवतात. आपल्याकडे पुण्याला त्याची शाळा आहे. कित्येक महिने कुत्रा आणि माणूस दोघे बरोबर शिकतात. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला शिकवतात ते असे: दारूचा वास जिथे लपवला असेल तिथे पोहोचला, की त्याला त्याचा चेंडू द्यायचा. बस्स. त्याला ना बॉम्ब ठाऊक, ना देश ठाऊक, ना पगार ठाऊक. वास सापडला की चेंडू मिळतो आणि आपला माणूस पाठ थोपटतो, एवढेच त्याला कळते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे अशा कुत्र्याने वास सापडल्यावर भुंकायचे नाही, उकरायचे नाही, कारण उकरले तर स्फोट होईल. त्याने नुसते गप्प खाली बसायचे आणि आपल्या माणसाकडे बघायचे. "बसला की समजायचे, इथे आहे," असे भाऊ सांगायचा. भगिनींनो, ही बसण्याची गोष्ट लक्षात ठेवा. मला ती पुढे लागणार आहे.

मुंबईत १९९३ सालच्या १२ मार्चला बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली, ते आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते. रेडिओभोवती सगळा वाडा गोळा झाला होता. त्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात एक लॅब्राडोर जातीचा कुत्रा होता. वयाने लहान, सेवेत येऊन तीन महिनेही झाले नव्हते. नाव झंजीर, अमिताभच्या सिनेमावरून ठेवलेले. स्फोटांनंतर तीनच दिवसांनी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर एक बेवारस स्कूटर उभी होती. झंजीरने ती दाखवली. तिच्यात दारू भरलेली होती. ती फुटली असती तर त्या गर्दीच्या रस्त्यात काय झाले असते, हे सांगायला नको. पुढे त्याच्या नावावर जी नोंद झाली ती अशी: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. मी हा आकडा ऐकला तेव्हा किलोचे पोत्यात करून पाहिले. पन्नास किलोच्या पोत्याने सहासष्ट पोती होतात! आमच्या अख्ख्या गल्लीला वर्षाचे गहू पुरतील एवढी पोती, आणि सगळी मरणाची.

झंजीर २००० सालच्या नोव्हेंबरात हाडांच्या कॅन्सरने गेला. वय आठच वर्षांचे. त्याला पोलिसांनी पूर्ण मानाने मूठमाती दिली. फुलांनी झाकलेला तो पिवळसर कुत्रा आणि त्याच्यापुढे वाकलेला मोठा पोलीस अधिकारी, असा एक फोटो आहे. तो जगभर छापून आला. तुम्ही पाहिला नसेल तर माझ्या मुलीकडे आहे, कार्यक्रमानंतर दाखवीन.

हे झाले पोलिसांचे. लष्कराच्या कुत्र्यांची शाळा उत्तरेत मेरठला आहे. त्यांची कामे आणखी बिकट. काश्मीरमध्ये तंगधार भागात २०१५ च्या ऑगस्टमध्ये मानसी नावाची चार वर्षांची कुत्री आणि तिला सांभाळणारे जवान बशीर अहमद वार हे दोघे घुसखोरांशी झालेल्या चकमकीत बरोबरच पडले. मानसीचे नाव पुढे लष्कराच्या गौरवाच्या यादीत घेतले गेले. तो मान मिळालेली ती पहिलीच कुत्री म्हणतात. २०२२ च्या जुलैत बारामुल्लाला ॲक्सेल गेला, ऑक्टोबरात अनंतनागकडे झूम. झूमला दोन गोळ्या लागल्या तरी तो मागे फिरला नव्हता. तीन दिवस दवाखान्यात होता. २०२४ साली अखनूरकडे फँटम गेला. आणि २०२३ च्या सप्टेंबरात राजौरीला केंट. ही लॅब्राडोर कुत्री, सहा वर्षांची. पळणाऱ्या अतिरेक्यांच्या मागावर ती सर्वांत पुढे होती. गोळीबार झाला तेव्हा तिच्यामुळे तिचा हॅण्डलर वाचला, ती वाचली नाही. सहा वर्षांची म्हणजे आपल्या हिशेबाने माझ्याएवढीच बाई झाली हो ती.

या बातम्या आल्या की भाऊ त्या दिवशी जेवत नसे. भावजय सांगायची. आम्हाला वाटायचे, हे जरा अतीच आहे.

परदेशांतही अशी स्मारके पुष्कळ आहेत म्हणे. लंडनला लढायांत मेलेल्या सगळ्या मुक्या जनावरांचे एक मोठे स्मारक २००४ साली उभारले. घोडे, खेचरे, कुत्री, कबुतरेसुद्धा. त्यावर एक वाक्य कोरले आहे, त्याचा अर्थ असा, की या जिवांपुढे दुसरी वाट नव्हती. ते वाक्य मला फार खरे वाटते. शिपाई भरती होताना सही करतो, कुत्रा कुठे करतो? दूर पॅसिफिक समुद्रात ग्वाम नावाचे बेट आहे. १९४४ साली तिथे अमेरिकेच्या कुत्र्यांनी जपान्यांशी लढताना जीव दिले. पन्नास वर्षांनी, १९९४ साली, तिथे दगडाच्या चौथऱ्यावर डॉबरमनचा पुतळा बसवला आणि खाली पंचवीस कुत्र्यांची नावे कोरली. पंचवीसच्या पंचवीस. नुसते "श्वानांस वंदन" असे लिहून मोकळे झाले नाहीत. आपल्या मंडळाच्या फळ्यावर देणगीदारांची नावे लिहिताना एक जरी सुटले तरी केवढा रुसवा होतो! नावाचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण भगिनींनो, मेलेल्यांचे सोपे असते. प्रश्न असतो तो म्हाताऱ्या होऊन जिवंत राहणाऱ्यांचा. त्याच अमेरिकेने व्हिएतनामच्या लढाईत सुमारे चार हजार कुत्री नेली आणि परत आणली फारच थोडी. बाकीची तिथेच सोडली किंवा मारली. का, तर लष्कराच्या वहीत कुत्रा हे सामान होते, बूट आणि तंबू असतात तसे. कामातून गेलेल्या कुत्र्याला घरी नेण्याची मोकळीक देणारा कायदा तिथे झाला तो २००० सालच्या नोव्हेंबरात. म्हणजे आपला झंजीर गेला त्याच महिन्यात. आणि आपणही मिरवू नये. २०१५ साली माहितीच्या अधिकारात उघड झाले, की आपल्या लष्करातही काम करण्याजोगी न राहिलेली कुत्री कायमची झोपवली जात. त्यावर ओरड झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि मग धोरण बदलले. आता निवृत्त कुत्री लोकांना पाळायला देतात. पोलिसांची कुत्रीही त्यांच्या हॅण्डलरला किंवा जनावरे सांभाळणाऱ्या संस्थांना देतात. सरकारने दार उघडले. पुढचे दार कुणाचे? आपले. मी आता माझ्या दाराकडे येते.

२०१९ साली पितृपंधरवडा चालू होता. आमच्याकडे सासऱ्यांचे श्राद्ध नवमीला असते. सकाळपासून स्वयंपाकाची धांदल, आणि भावाचा फोन आला. त्याच्याकडे ज्युली नावाची काळी लॅब्राडोर कुत्री होती. आठ-नऊ वर्षे ती त्याच्याबरोबर बॉम्ब शोधत हिंडली. ती निवृत्त झाली होती आणि त्याने ती रीतसर मागून घेतली होती. पण नेमकी त्याच वेळी त्याची बदली झाली. नव्या गावी राहायला भाड्याची खोली, तिसरा मजला, मालक कुत्रे ठेवू देईना. तो म्हणाला, "ताई, तीन महिने फक्त. घराचे काम होईपर्यंत. ती काही त्रास देत नाही गं. भुंकतसुद्धा नाही."

मी काय सांगितले? घर लहान आहे म्हटले. सासूबाईंचे सोवळे आहे म्हटले. केस गळतात, वास येतो, मुलीची परीक्षा आहे. परीक्षा मार्चमध्ये होती! खरे कारण एवढेच होते, की मला नको होते. शेजारणी काय म्हणतील, ही आता कुत्री पाळायला लागली, असेही मनात आले. सासूबाईंना तर मी विचारलेच नाही. पुढे हे त्यांना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, मागच्या पडवीत राहिली असती की." भाऊ फोनवर एवढेच म्हणाला, "बरं ताई. तुझं श्राद्ध असेल आज, ठेवतो."

आणि फोन ठेवून मी काय केले असेल? पान वाढले. कावळ्याचा घास काढला, गाईचा काढला आणि कुत्र्याचा घास काढून बोळाच्या तोंडाशी ठेवून आले.

भावाने ज्युलीला एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यावर ठेवले. तो माणूस वाईट नव्हता, वेळेवर खायला घालायचा. पण त्याला तिची भाषा ठाऊक नव्हती. दिवाळी आली. मुलांनी फटाक्यांचे खोके आणून ओसरीवर ठेवले. ज्युली तिच्या जागेवरून उठली, खोक्यापाशी गेली आणि खाली बसली. गप्प. आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलांनी तिला हुसकावले. ती पुन्हा येऊन बसली. खोके आत नेले तर ती दारापाशी बसली. मळेवाल्याला वाटले, आळशी कुत्री आहे, जिथे तिथे बसकण मारते. ती म्हातारी बाई आपले काम करीत होती. "इथे आहे, इथे आहे" असे सांगत होती, आणि चेंडू द्यायला कुणी येत नव्हते.

हे मळेवाल्याने भावाला नंतर सहज हसत सांगितले. भावाने भावजयीला सांगितले आणि भावजयीने मला. मला सांगताना ती रडली. तोपर्यंत संक्रांत आली होती आणि ज्युली मार्गशीर्षातच गेली होती. तिने शेवटी शेवटी खाणे सोडले होते. तीन महिने पुरे व्हायला आठ दिवस राहिले होते. भावाने तिला गाडीत घालून आमच्या माहेरी आणले. आमचे माहेर सिन्नर तालुक्यात आहे. शेताच्या बांधावर लिंबाखाली तिला पुरले आणि पाथरवटाकडून एक लहान दगड करून आणून लावला.

मधल्या त्या भाऊबीजेला तो नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला होता. मी ओवाळले, त्याने ओवाळणी घातली. करंज्या आवडीने खाल्ल्या. ज्युली कशी आहे, असे मी विचारले नाही. विचारले तर पुन्हा तो विषय निघेल, म्हणून मुद्दामच विचारले नाही.

त्याने मला आजवर एका शब्दाने बोलून दाखवलेले नाही. बोलला असता तर बरे झाले असते. मीही काही बोलले नाही. माहेरी दर वर्षी जाते, पण त्या बांधाकडे गेले नाही. आज उशीर झाला, आज ऊन आहे, असे काहीतरी काढते.

मग २०२२ चा फेब्रुवारी आला. आपल्या नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला स्पाइक नावाचा कुत्रा अकरा वर्षांची नोकरी करून निवृत्त झाला. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी मोबाइलवर पाहिले असेल. त्याच्या गळ्यात हार घातला होता. त्याला सजवलेल्या गाडीच्या पुढच्या भागावर बसवले होते, आणि दोन्ही बाजूंना उभे राहून पोलीस टाळ्या वाजवीत होते. अकरा वर्षे म्हणजे २०१५ च्या सिंहस्थातही तो सेवेत होता. त्या पर्वणीला आपण सगळ्या जणी पहाटे रामकुंडावर गेलो होतो, आठवते? पोलिसांनी कुत्रे फिरवण्यासाठी आपल्याला थांबवले तेव्हा आपल्यातलीच एक म्हणाली होती, "आंघोळ झाल्यावर कुत्र्याचा स्पर्श नको गं बाई." ती मीच. त्या लाखो माणसांत आपण निर्धास्तपणे बुडी मारली, ती कुणाच्या जिवावर, हे मनात आले नव्हते. २०२७ च्या सिंहस्थातही कुत्री येतील. तेव्हा तेवढे थांबून त्यांना वाट देऊ या.

स्पाइकचा तो निरोप मी चुलीपाशी उभ्याने पाहिला आणि तसाच भावाला फोन लावला. म्हटले, "पाहिलास का?" तो म्हणाला, "पाहिला." मग दोघेही काही बोललो नाही. फोन मात्र दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.

पुढे माहुलीला खंड्यापुढे उभी राहिले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मामाच्या शेतातला दगड याच्याहून लहान आहे का गं?" मला उत्तर देता आले नाही. राजाने बांधलेली समाधी मी तिकीट काढून जाऊन पाहिली, आणि माझ्या भावाने बांधलेली पाहिली नव्हती.

हे भाषण करायचे ठरले तेव्हा मी भावाला विचारले, "दगडावर काय लिहिले आहेस?" तो म्हणाला, "नाव आणि नोकरीची सालं. आणखी काय लिहायचं?" मी म्हटले, "यंदा भाऊबीजेला तू येऊ नकोस, मी येते. मला तिकडे घेऊन चल." तो जरा थांबून म्हणाला, "ये."

मी विचारले, "तिला काय आवडायचे रे? मी करून आणते. दूधभाकरी, पेढा, काहीही." आपली बायकांची बुद्धी स्वयंपाकघरापुढे जात नाही. तो हसला. म्हणाला, "खाण्याचं काही नको ताई. तिला चेंडू लागायचा."

काल मेन रोडवर गेले होते तेव्हा एक घेऊन आले. रबरी आहे, लाल रंगाचा.